मशीन नंतर, आधी काठाचं काम

वाचकाचं पत्र

काका, मी खानापूर तालुक्यातला. वय 21, बारावी झालीय. मागच्या हंगामात कुपवाड एमआयडीसीत एका गोडाऊनच्या ट्रिमिक्सच्या, म्हणजे व्हॅक्यूम पंपानं पाणी ओढून करायच्या काँक्रीट फ्लोअरच्या कामावर बिगारी होतो. काँक्रीट ओतून झालं की बाकीचे जेवून आडवे व्हायचे. मी मात्र मिस्त्री फ्लोअरवर कधी उतरतो हे बघत बसायचो. मध्यरात्री पॉवर ट्रॉवेल, म्हणजे फिरत्या पात्यांचं घोटाईचं मशीन फिरायला लागलं की खरबरीत काँक्रीट हळूहळू गुळगुळीत होत जायचं. मला हेच काम शिकायचंय, पण मुकादम मशीनला हात लावू देत नाही. मित्र म्हणतो, कर्ज काढ आणि स्वतःचं मशीन घे. वडील म्हणतात, बारावी होऊन घमेलीच उचलायची असतील तर मामाकडं तमिळनाडूत गलाईच्या, सोनं-चांदी गाळायच्या दुकानात जा. आईला काळजी की काँक्रीटवाल्याला मुलगी कोण देणार. मी काय करू? आयटीआय करावं का?

उत्तर

तुला तिथं थांबायला कुणी सांगितलं नव्हतं आणि थांबल्यानं हजेरी वाढणार नव्हती. तरी तू बसून राहिलास, म्हणून माझं उत्तर सरळ आहे. हे काम तू शिक. आपल्या पट्ट्यात त्याला तोटा नाही. कुपवाड, मिरज, इस्लामपूर, पलूस, कराडजवळचं तासवडे, साताऱ्याकडं शिरवळ, सगळीकडं शेड उभी राहतायत. सांगली-तासगावात हळदीची, बेदाण्याची गोदामं आणि कोल्ड स्टोअरेज आहेत. मंगल कार्यालयं, पार्किंग, पेट्रोल पंप, गावोगावचे काँक्रीट रस्ते वेगळेच. काँक्रीट ओतणारे हात भरपूर मिळतात. ओतल्यानंतरचे सहा-आठ तास ते नीट सांभाळणारा माणूस शोधावा लागतो.

पण कर्ज काढून मशीन घेऊ नकोस. तुझ्या मित्राला वाटतं की हे काम मशीनचं आहे. मशीन चालवायला आठवड्यात येईल. ते फ्लोअरवर कधी उतरवायचं आणि कधी उतरवायचं नाही, हे कळायला दोन-तीन हंगाम जातात, आणि मालक पैसे त्याचेच देतो.

ही वेळेची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. काँक्रीट ओतलं, व्हायब्रेटर मारला, पट्टी ओढली की खडी आणि वाळू जड असल्यामुळं खाली बसू लागतात आणि पाणी वर येतं. फ्लोअर ओलं, चकचकीत दिसतं. नवशिक्याचे हात नेमके इथंच शिवशिवतात. त्या वेळी थापी फिरवली तर वर आलेलं पाणी वरच्याच पातळ थरात कालवलं जातं. तेवढ्या थरात सिमेंटच्या मानानं पाणी जास्त होतं आणि तो थर कायमचा कच्चा राहतो. मालक ताबा घेताना फ्लोअर झकास दिसतं, मग काही महिन्यांत फोर्कलिफ्टच्या चाकाखाली पावडर सुटू लागते. घाईनं वरचा थर घोटून बंद केला आणि खालचं पाणी, खालची हवा अजून वर यायची असेल, तर ती त्या थराखाली अडकते. पुढं तिथंच फुगवटे येतात आणि पोपडे निघतात. उशीर झाला तरी नुकसानच. काँक्रीट कशालाच दाद देत नाही, मग वर पाणी शिंपडून घोटाई चालू होते आणि वरचा थर पुन्हा कमजोर होतो.

ट्रिमिक्समध्ये मॅट अंथरून व्हॅक्यूम पंपानं जादा पाणी ओढून घेतात, ते तू बघितलंयस. त्यानं वाट बघण्याचा वेळ कमी होतो, पण वाट बघावी लागतेच. वेळ ओळखायच्या खुणा अशा. आधी पाण्याची चमक जाऊन फ्लोअर मंद, करडं दिसू लागतं. गमबूट घालून उभा राहिलास तर ठसा उमटतो, पण पाव इंचापेक्षा कमी. तेव्हा मशीनला डिस्क, म्हणजे सपाट गोल चकती लावून पहिला हात. मग पुन्हा थांबायचं. त्यानंतर ब्लेड, म्हणजे पाती, सुरुवातीला अगदी सपाट ठेवून, आणि काँक्रीट जसजसं घट्ट होईल तसतसा ब्लेडचा कोन वाढवत न्यायचा. प्रत्येक हात आधीच्या हाताला आडवा घ्यायचा. शेवटी शेवटी थापीचा आवाजही बदलतो, घासल्यासारखा न येता खणखणीत यायला लागतो. जुने मिस्त्री अंधारात त्या आवाजावर काम करतात.

घड्याळाचा इथं फारसा उपयोग नाही. मे महिन्यात खानापूर-आटपाडीच्या माळावर कोरडं वारं सुटलं की दुपारी ओतलेलं काँक्रीट बघता बघता वरून सुकतं, आतून मात्र ओलंच असतं, आणि अंगभर बारीक चिरा पडतात. म्हणून उन्हाळ्यात काम पहाटे नाहीतर संध्याकाळी धरतात, वाऱ्याला आडोसा करतात, हात मारण्याच्या मधल्या वेळेत प्लॅस्टिक अंथरतात. डिसेंबरात साताऱ्याच्या थंडीत तेच मिश्रण दुपारी ओतलं तर शेवटचा हात मारायला रात्रीचा एक वाजतो. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं असेल तर आणखी सावकाश. क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत डस्ट जास्त असेल तर ती पाणी पिते. एकाच शेडमध्येही फ्लोअर सारखं घट्ट होत नाही. दाराजवळचा, उन्हाची तिरीप पडणारा भाग आधी तयार होतो, आतला कोपरा तासभर मागं असतो. चांगला फिनिशर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीनं जात नाही, जिथं फ्लोअर तयार झालंय तिथं आधी जातो. पुढच्या कामावर तुझा मिस्त्री कुठून सुरुवात करतो आणि का, हे नीट बघ.

आता मुकादमाचं. तो मशीन देत नाही, याचा राग धरू नकोस. पॉवर ट्रॉवेलचं एक ब्लेड वेळेआधी कलतं टेकलं तर फ्लोअरमध्ये खाच पडते, आणि अख्ख्या पॅनेलचे, म्हणजे एका वेळी ओतलेल्या पट्ट्याचे पैसे त्याच्या अंगावर येतात. त्याच्याकडं मशीन मागू नकोस, काठ माग. मशीन भिंतीला, खांबाला, कडेच्या लोखंडी चॅनेलला पोचत नाही. तिथं फळीवर गुडघे टेकून आधी लाकडी रंधा (सुताराचा नव्हे, गवंड्याची लाकडी थापी) आणि मग लोखंडी थापी हातानंच चालवावी लागते. कंटाळवाणं, कंबर मोडणारं काम, कुणालाच नको असतं. तू आपणहून मागितलंस तर कुणी नाही म्हणणार नाही. काँक्रीट घट्ट होत जाताना ते हाताला कसं लागतं, हे मशीनच्या दांड्यातून कळत नाही, थापीतून कळतं. एक हंगाम काठ मारलेल्या पोराच्या हातात मशीन द्यायला मुकादमालाही धीर येतो.

सोबत एक वही ठेव. किती वाजता ओतलं, ऊन-वारा कसं होतं, सिमेंट कुठल्या प्रकारचं, पाण्याची चमक कधी गेली, डिस्क कधी उतरवली, शेवटचा हात कधी मारला, एवढं रोज लिही. महिन्याभरानं जमलं तर तिथं परत जा आणि फ्लोअरवर तळहात घासून बघ. हाताला पांढरी पूड लागते का, चिरा कुठं आहेत, कापलेल्या सांध्यात आहेत की सांधा सोडून. हे कुणी करत नाही, म्हणून वीस-वीस वर्षं काम करूनही काही जणांना आपलं कुठं चुकतं ते कळत नाही.

सांध्यांचा विषय आलाच आहे. काँक्रीट वाळताना आकसतं आणि त्याला चीर पडायचीच असते. आपण ग्रूव्ह कटरनं रेघ कापतो ती चिरेला वाट दाखवायला. रेघेची खोली जाडीच्या पाव हिश्शाएवढी हवी, म्हणजे 100 मिलिमीटरच्या फ्लोअरला 25 मिलिमीटर. अंतर जाडीच्या साधारण 24 ते 30 पट धरतात, तेव्हा त्याच फ्लोअरला अडीच ते तीन मीटरवर सांधा आला पाहिजे. कटिंगवाला दोन दिवस उशिरा आला तर चीर त्याची वाट बघत नाही, आपल्या मर्जीनं वाकडीतिकडी जाते.

तुझ्या पुढच्या दिवसांत सगळ्यात मोठा फरक पडेल तो टोळी कुठली धरतोस याचा. पन्नास रुपये हजेरी जास्त मिळते म्हणून टोळी बदलू नकोस. आधी त्या मुकादमाचं वर्षभर जुनं एखादं फ्लोअर बघून ये. खांबाच्या बुडाशी, दाराच्या उंबऱ्याशी काम कसं आहे ते बघ, मधला भाग सगळेच चांगला करतात. आणि दोन गोष्टी पारख. पाणी वर आलं की ही टोळी कोरडं सिमेंट भुरभुरवते का? हे आपल्याकडं सर्रास चालतं. सिमेंट पाणी शोषतं, लगेच घोटता येतं, सगळे लवकर घरी जातात आणि वर एक पापुद्रा तयार होतो, तो पुढं सोलून निघतो. पाणी जास्तच साचलं असेल तर रबरी पाईप ओढून ते बाजूला काढावं, नाहीतर थांबावं. कंपनीनं सांगितलेल्या प्रमाणात, योग्य वेळी फ्लोअर हार्डनर, म्हणजे फ्लोअर टणक करणारी पावडर टाकणं वेगळं, त्यात गल्लत करू नकोस.

दुसरी गोष्ट पाण्याची. काँक्रीट पसरायला जड जातंय म्हणून मिक्सरमध्ये पाईप सोडणारी टोळी असेल तर तिथून काढता पाय घे. 50 किलोच्या सिमेंटच्या पोत्याला, पाणी सिमेंटच्या निम्मं म्हणजे 0.50 च्या प्रमाणानं, 25 लिटर पाणी होतं, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच मोजायचं असतं. त्यावर दोन बादल्या ओतल्या की काम हलकं होतं आणि फ्लोअर कायमचं अधू होतं. तू बिगारी आहेस तोवर तुझा विरोध कुणी ऐकणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच टोळी निवडताना एवढा चोखंदळ राहा. पहिल्या दोन वर्षांत हाताला लागलेली सवय पुढं सुटत नाही.

आयटीआयबद्दल थोडक्यात. गवंडीकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, आठवी पास लागतं, पण तो प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो. नकाशा वाचणं, माप, ओळंबा, गुण्या यांचा पाया तिथं पक्का होतो. ट्रिमिक्सचं फ्लोअर तिथं शिकायला मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नकोस. तू काम चाखलंयस, तेव्हा मी तुझ्या जागी थेट टोळीत राहिलो असतो. पुढं कागद हवा असेल तर कामाचा अनुभव तपासून प्रमाणपत्र देणारी आरपीएलची सोय कौशल्य विकास योजनेत आहे. तुझी बारावी इथं वाया जात नाही. साइटवरच्या सुपरवायझरकडून ऑटो लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण लावायला आणि वाचायला शिक. हिशोब शिक. 10 बाय 10 फुटाचं, चार इंच जाडीचं फ्लोअर म्हणजे 33 घनफुटांच्या वर काँक्रीट, ब्रासचा (100 घनफुटांचा) तिसरा हिस्सा, रेडीमिक्सच्या भाषेत 0.94 घनमीटर. हे तोंडपाठ असलेला फिनिशर पुढं स्वतः काम घेऊ शकतो. बाकीचे आयुष्यभर दुसऱ्यानं काढलेल्या आकड्यावर राबतात.

पैशाचं बोलू. सुरुवातीला हजेरीवरच राहशील. मुकादम मालकाकडून चौरस फुटानं काम घेतो आणि तुम्हाला रोजानं देतो, यात गैर काही नाही. उचल मात्र घेऊ नकोस. घरात लग्न असो, आजारपण असो, दुसरीकडून सोय बघ. उचल अंगावर असली की वाईट टोळी सोडता येत नाही, आणि मी वर टोळीबद्दल जे काही सांगितलं ते सगळं फुकट जातं. दिवाळीपासून मृगापर्यंत काम जोरात असतं. पावसात उघड्यावरचं काम थांबतं, पण पत्रे चढलेल्या शेडमध्ये फ्लोअर चालू राहतं, तेव्हा पावसाळ्यात हात रिकामे ठेवायचे नसतील तर एमआयडीसीतली कामं करणारी टोळी बरी. दोन-तीन हंगामांनी एखादं छोटं काम उक्तं घे, मशीन भाड्यानं आण. भाडं भागून पैसे उरतात असं चार-सहा कामांत दिसलं, की मग मशीन विकत घ्यायचा विचार कर.

स्वतः काम घेशील तेव्हा पाणी कोण मारणार हे आधीच कागदावर लिहून घे. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456, त्याप्रमाणं साध्या ओपीसी सिमेंटला किमान 7 दिवस, पीपीसीला किंवा कडक उन्हाळ्यात किमान 10 दिवस काँक्रीट सतत ओलं राहिलं पाहिजे, आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला 14 दिवसांची शिफारस आहे. सतत म्हणजे सतत, सकाळ-संध्याकाळ पाईप फिरवून भागत नाही. गोणपाट अंथरून ते ओलं ठेवायचं, किंवा वाफे बांधून पाणी तुंबवायचं. मालकाचा वॉचमन पाणी मारायला विसरतो आणि नंतर फ्लोअरची पूड निघाली की बोलणी फिनिशरला बसतात.

आता शरीराचं. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण तुझ्या वयात कुणी ऐकत नाही. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, कातडी भाजतं. भाजतंय हे लगेच कळतही नाही, तासाभरानं आग सुरू होते. ओल्या काँक्रीटवर साध्या पँटनं गुडघे टेकून काठ मारणारी पोरं मी हॉस्पिटलमध्ये गेलेली पाहिली आहेत. गुडघ्याला रबरी पॅड, हातात रबरी मोजे, पायात गमबूट, आणि बुटात काँक्रीट गेलं तर काम सोडून तिथल्या तिथं पाय धुवायचे. काहींना सिमेंटची ॲलर्जी होते, हाताला भेगा, खाज. ती अंगावर काढू नकोस, डॉक्टरला दाखव. कोरडं कटिंग चालू असेल तिथं उभा राहू नकोस. त्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात बसते आणि सिलिकोसिस बरा होत नाही. कटरला पाणी लावूनच कापायचं आणि मास्क चांगल्या प्रतीचा वापरायचा, तोंडाला रुमाल बांधून ती धूळ अडत नाही. बंद गोडाऊनमध्ये पेट्रोलवरचं मशीन फिरत असेल तर दारं-खिडक्या उघड्या हव्यात. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोप आल्यासारखा कोसळतो. विजेवरचं मशीन असेल तर ओल्या फ्लोअरवर मधे सांधा मारलेली वायर नको, आणि बोर्डाला ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारं बटण आहे का हे काम सुरू होण्याआधी विचार. विचारल्याबद्दल कुणी हसलं तर हसू दे.

बांधकाम कामगार म्हणून नोंदणीही करून घे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडं ती होते. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षभरात किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. म्हणून हजेरीचे दिवस वहीत लिहून ठेव आणि मुकादमाकडून दाखला वेळेवर घे. बांधकामाच्या खर्चावर जो उपकर घेतात त्यातूनच हे मंडळ चालतं, तो पैसा तुमच्यासाठीच आहे. अपघात झाला, पुढं मुलांची शिक्षणं आली, तेव्हा याचा उपयोग होतो. मधल्या एजंटाला पैसे देऊ नकोस, अर्ज स्वतः भरता येतो.

वडिलांशी वाद घालू नकोस. खानापूर-आटपाडीच्या कितीतरी घरांना गलाईनं उभं केलंय. घराला वीट लागली ती त्याच पैशानं, हे वडिलांनी डोळ्यांनी पाहिलंय. मामाचं दुकान त्यांना खात्रीचं वाटतं आणि त्यात चूक नाही. त्यांच्या मनात भीती एवढीच आहे की पोरगं चाळिशीतही घमेलंच उचलत असेल. ती भीती बोलून जाणार नाही. त्यांच्याकडं दोन वर्षं माग आणि सांग, दोन वर्षांत मी बिगारीचा फिनिशर झालो नाही तर मामाकडं जातो. आणि हा शब्द खरा कर. त्यांना एकदा कामावर घेऊन जा, शक्यतो रात्री, शेवटचा हात चालू असताना.

आईच्या काळजीला माझ्याकडं झटपट उत्तर नाही. लग्नाच्या बाजारात आज नोकरीचा शब्द चालतो, हे खरं आहे आणि ते मला पटत नाही. पण हातात कसब, अंगावर कर्ज नाही आणि व्यसन नाही, अशा मुलाकडं बघणारी माणसंही आपल्याकडं आहेत. यातलं कर्ज आणि व्यसन तुझ्या हातात आहे. रात्रपाळीच्या या कामात दारू टोळीत लवकर शिरते, तिथं सावध राहा.

आणि हंगाम सुरू व्हायच्या आत एक काम घरीच कर. तुमच्याकडं जनावरं असतीलच. गोठ्याची तळजमीन मातीची किंवा उखडलेली असेल तर 10 बाय 10 चा एक तुकडा स्वतः कर. खाली मुरूम नीट धुमसून घे, कडेला फळ्या लाव, मुताच्या नालीकडं दहा फुटाला दोन ते तीन इंच उतार दे. काँक्रीट ओत, पट्टी ओढ, चमक जाईपर्यंत थांब, मग लाकडी रंधा मार. लोखंडी थापीनं घोटू नकोस, गुळगुळीत जमिनीवर गाय घसरते आणि तिचा पाय मोडतो. वेळ साधून कडक झाडूनं उताराला आडव्या रेघा ओढ. झाडू लवकर मारलास तर खडी वर येईल, उशिरा मारलास तर रेघ उमटणारच नाही. ओलं गोणपाट टाकून दहा दिवस जनावरं बाहेर बांध. त्यानंतर म्हशी धुतल्यावर पाणी कुठं साचतं ते बघ आणि मला लिहून कळव. फोटोही पाठव, काठाचे.